सेट

नळाला पाणी येऊन आठ दिवस झाले होते. मे महिन्यात राकसकोपचा तलाव खाली जायला लागला, की आमच्या बेळगावच्या शहापुरात आधी गाड्या धुणं थांबतं, मग अंगणात सडा, आणि शेवटी पुरुषांच्या दाढ्या. बॅरलात उरलेल्या पाण्यावर आईचा पहारा असतो. त्यात दाढीसाठी तांब्या बुडवायची माझी छाती नाही. पाचव्या दिवशी समोरच्या कट्ट्यावरनं नेव्हीवाले काका ओरडले, "काय रे, दाढी ठेवलास? परवानगी घेतलास काय?"

दाढीला परवानगी ही नेव्हीचीच तऱ्हा. बेळगाव तसं मिशांचं गाव. कॅम्पात मराठा पलटणीचं सेंटर, गल्लीगल्लीत एखादा रिटायर सुभेदार, आणि प्रत्येकाच्या ओठावर पीळ. ब्रिटिशांच्या पायदळात तर १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरायलाच बंदी होती. त्याच ब्रिटिशांच्या आरमारात मात्र उलटा न्याय. १८६९ पासून तिथं दाढी ठेवता येऊ लागली, पण मिशीसकट, पूर्ण. तिला 'सेट' म्हणायचं. नुसती मिशी चालायची नाही. आणि मागायची ती दाढी वाढवायची परवानगी नव्हे, तर 'दाढी करणं थांबवण्याची'! अधिकारी असला तरी सुटका नाही. उगवलेलं पीक विरळ निघालं, तर कप्तान सरळ उतरवायला लावणार. मी हे पलीकडच्या सुभेदारांना सांगितलं, तेव्हा ते मिशीवर हात ठेवूनच म्हणाले, "नुस्ती मिशी न्हाई? मग कसली रे ती फौज!"

मला हा नियम समजला तो आमच्या देव्हाऱ्यात. लक्ष्मीपूजनाला आजी दोन राजाछाप रुपये काढायची आणि ते चिंचेनं घासायचं काम माझ्याकडे असायचं. एकावर पाचवा जॉर्ज, दाढीमिशीवाला. दुसऱ्यावर त्याचा मुलगा सहावा जॉर्ज, हनुवटी गुळगुळीत. बापलेक दोघेही तरुणपणी आरमारात होते. मुलगा तर १९१६ च्या जटलंडच्या लढाईत युद्धनौकेच्या तोफेच्या बुरुजात होता. बापाचा पूर्ण सेट, लेकाचा पूर्ण सफाया. मधलं काही नाही. (बापाची दाढी घासायला मात्र फार त्रास द्यायची. चिंचेचा कोळ तिच्यात अडकून बसायचा.)

युद्ध सुरू झालं, की शान राहते बाजूला आणि हिशेब उरतो पाण्याचा. सगळीकडे पाणी आणि तोंडावर मारायला थेंब नाही, हे दुःख बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. वाफेच्या जहाजावर समुद्राचंच पाणी उकळून गोडं करायचं, पण त्यावर पहिला हक्क बॉयलरचा. खारं पाणी वापरावं, तर साध्या साबणाला फेस येत नाही. नुसता चिकट साका धरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवर कप्तानापासून खलाशापर्यंत फारसं कुणी या भानगडीत पडत नसे. आठवडेच्या आठवडे समुद्रात काढून बंदरात परतल्यावरचे त्यांचे फोटो पाहावेत, गोसाव्यांचा आखाडा वाटतो. तरी दाढीचा एक धोका आहेच. जहाजात आग लागली, धूर कोंडला, तर श्वासाचा मुखवटा दाढीवर नीट चिकटत नाही, फट राहते. अमेरिकी नौदलानं १९७० मध्ये दाढीला मोकळीक दिली होती, ती १९८४ च्या अखेरीस काढून घेतली.

काका एक्काहत्तरच्या डिसेंबरात अरबी समुद्रात होते. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, लढाई चालू असताना दाढी करायचात?

"करत होतो की. साहेब लोक तर ड्यूटीवर चढायच्या आधी हमखास."

"मरण आलं तर निदान नीटनेटकं यावं म्हणून?"

"तसं काय नव्हं रे. न्हाई केलं, तर बोलणी बसायची."

परवानगीचं विचारून झाल्यावर त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोरच दाढीला सुरुवात केली. व्हरांड्यातलं बेसिन. दोन्ही पाय फाकवून रोवलेले, डावी कंबर बेसिनच्या कडेला टेकवलेली. रेझरचे बोटभर लांबीचे फटके. मध्येच हात हवेत थांबतो, क्षणभर, आणि पुन्हा गालावर उतरतो. जहाज कलंडलं, की पातं उचलायचं, ते सरळ झालं, की टेकवायचं. घर पन्नास वर्षं एका जागी उभं आहे, पण हात अजून लाटेची वाट बघतो.

सगळं मिळून पाणी लागलं एक पेला. त्यातलं उरलेलं साबणाचं पाणी त्यांनी जास्वंदीच्या मुळाशी ओतलं. आई आमच्या दारात उभी राहून हे सगळं बघत होती. संध्याकाळी माझ्या दाढीच्या सामानाशेजारी तिनं स्टीलचा एक पेला आणून ठेवला. तोही लहानातला.