चांगलं नाक घासलंत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हसून टाळते. घरी येणारा प्रत्येकजण शेल्फवरचं ते मातकट मुंडकं बघून विचारतो, कुठे सापडलं? पीओपीचं आहे, जुन्या मूर्तीसारखं दिसावं असं मीच केलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, अहो मग चांगलं नाक घालवलंत कशाला?

त्याचं असं झालं, पहिलं मुंडकं केलं तेव्हा हातोडीने दिसेल तिथे ठोकलं होतं, आणि ते २००० वर्षं जुनं वाटायचं सोडून काल टेबलावरून पडल्यासारखं दिसत होतं, वर फुटलं तिथे खडूसारखं पांढरंफटक. मग धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेले. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत, काही केओलिन नावाच्या पांढरट मातीच्या, त्यांच्यासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. जे पुढे आलंय ते आधी झिजतं, नाक, हनुवटी, अंबाडा. मान बारीक म्हणून धड एकीकडे मुंडकं एकीकडे. पण कानामागची रेघ बघाल तर काल ओढल्यासारखी. आणि गंमत म्हणजे त्या बाहुल्याही दुहेरी साच्यातल्याच, पुढचा एक मागचा एक, म्हणजे साचा वापरते म्हणून मला जो कमीपणा वाटायचा तो तिथेच गेला.

आता पाण्यातच पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू कालवते, मग त्यात पीओपी भुरभुरवते (उलटं करू नका, गुठळ्या होतात). रंग अंगातच असला की टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. थोड्या वेळात ते हाताला गरम लागतं, घट्ट होतं, पण नीट सुकायला पावसाळ्यात आठवडा धरा. नाक आता फोडत नाही, पॉलिश पेपर आणि ओल्या फडक्याने झिजवते, मग वरून कोरा चहा, खोबणीत मुलतानी माती. चहा पावडर स्वस्तातली घ्या, महागाची प्यायची.

आईचं वेगळंच, खंडित मूर्ती घरात नको. म्हणून देव करतच नाही, बायका, बाळं, एक मेंढा.

एकजण म्हणाला, ताई तळाची सही घासून द्या, डबल पैसे देतो. १०० वर्षांवरच्या मूर्तीला १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, हिला नाही, पण हा ती पुढे कुणाला काय म्हणून विकणार ते कळत होतंच. त्याला चहा दिला, मुंडकं नाही दिलं. तेव्हापासून सही ओलं असतानाच आतल्या पोकळीत कोरते, वर्षासकट, हात पोचणार नाही इतकी आत.