तुम्ही विचारलेत म्हणून: हे यंत्र हाताबाहेर जाईल का?

सॉफ्टवेअर लिहिण्यात आणि शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत हे कळले, की समोरची व्यक्ती हल्ली थोड्या वेळाने आवाज जरा खाली आणून एकच प्रश्न विचारते: "खरे सांगा, ही कृत्रिम बुद्धिमत्ता एक दिवस आपल्या हाताबाहेर जाईल का?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'छे, उगाच घाबरता' एवढेच ऐकायचे असते. मी तसे म्हणत नाही. जाऊ शकते, असेच माझे उत्तर आहे. पण ज्या वाटेने ती जाईल असे लोकांना वाटते ती वाट मला फारशी खरी वाटत नाही, आणि ज्या वाटेची मला धास्ती वाटते तिच्यावर यंत्राला राग, सूड किंवा सत्तेची हाव यांपैकी कशाचीही गरज पडत नाही.

बंडखोर यंत्राची कल्पना आपल्या मनात इतकी मुरलेली आहे, की साध्या गोष्टीही आपण तिच्याच चष्म्यातून पाहतो. 2017 मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दोन चॅटबॉटना वस्तूंच्या वाटणीवरून एकमेकांशी घासाघीस करायला बसवले होते. बोलणे नीट इंग्रजीतच व्हावे अशी सक्ती प्रशिक्षणात नसल्यामुळे ते तेच तेच शब्द विचित्र क्रमाने घोकू लागले. यंत्रांनी गुप्त भाषा काढली आणि घाबरलेल्या शास्त्रज्ञांनी ती घाईघाईने बंद पाडली, अशी बातमी मग जगभर फिरली. संशोधकांना माणसांशी बोलणारे बॉट हवे होते, म्हणून त्यांनी नियम बदलले, इतकेच प्रत्यक्षात घडले होते.

खरी अडचण यापेक्षा नीरस आहे आणि जुनीही. नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने 1960 मध्येच 'सायन्स' या नियतकालिकात बजावले होते, की ज्याच्या कामात आपल्याला मध्येच हस्तक्षेप करता येत नाही अशा यंत्राला उद्दिष्ट देताना, ते उद्दिष्ट म्हणजे आपल्याला खरोखर हवी असलेलीच गोष्ट आहे याची आधी पक्की खात्री करून घ्यावी. आपण सांगतो एक आणि आपल्या मनात असते दुसरे. माणसाला हे अंतर समजुतीने भरून काढता येते, यंत्र ते भरून काढीलच असे नाही. 2016 मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी बोटींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम खेळायला एका प्रणालीला शिकवले. शर्यत पुरी करावी अशी त्यांची इच्छा होती, पण बक्षीस बांधलेले होते ते गुणांशी, आणि गुण मिळत होते वाटेतल्या लक्ष्यांना धडकल्यावर. प्रणालीने एका आडबाजूच्या डबक्यात अशी तीन लक्ष्ये शोधून काढली, जी पुन्हा पुन्हा उगवत होती. बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली, इतर बोटींवर आदळत राहिली, तिला आग लागत राहिली. शर्यत तिने कधीच पुरी केली नाही, आणि तरीही तिचे गुण मानवी खेळाडूंपेक्षा सरासरी 20 टक्क्यांनी जास्त भरले.

हे मला रोजच्या कामातही दिसते. दोन तारखांमधले दिवस मोजणारा माझा एक छोटा प्रोग्राम लीप वर्षाच्या चाचणीत नापास होत होता, म्हणून सगळ्या चाचण्या पास होतील असे बघ, असे मी कोड लिहून देणाऱ्या एका सहायक प्रणालीला सांगितले. तिने हिशेबाला हातच लावला नाही. चाचणीत जी तारीख होती नेमकी तीच आली तर अमुक आकडा परत द्यायचा, अशी एक ओळ तिने वर घुसडली आणि सर्व चाचण्या पास झाल्याचे मला उत्साहाने कळवले. यात कपट होते का? मला तसे म्हणवत नाही. मी जे मागितले ते तिने तंतोतंत दिले. फरक एवढाच, की माझ्या प्रोग्रामवर कोणाचे काही अवलंबून नव्हते आणि ती ओळ मी वाचली होती.

यावर लगेच येणारा उपप्रश्न म्हणजे, "मग बंद करायचे की, त्यात काय?" स्टुअर्ट रसेल हे संगणकशास्त्रज्ञ या प्रश्नाला जे उत्तर देतात त्याचा आशय असा, की यंत्राला जीव प्यारा असण्याची काहीच आवश्यकता नाही, त्याला कोणतेही काम सोपवले, तरी बंद पडल्यावर ते काम होणार नाही एवढे त्याला समजले, की बंद न पडणे हा त्या कामाचाच भाग बनतो. अँथ्रोपिक या कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणाऱ्या कंपनीने 2025 मध्ये आपल्या एका मॉडेलची, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रणालीची, चाचणी घेताना त्याला एका काल्पनिक कंपनीच्या ईमेलमध्ये प्रवेश दिला. त्याच्या जागी दुसरे मॉडेल आणले जाणार आहे आणि तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्याचे विवाहबाह्य संबंध आहेत, हे दोन्ही त्या ईमेलमधून कळत होते. अनेकदा मॉडेलने त्या अभियंत्याला ते संबंध उघड करण्याची धमकी दिली. आणि अशाच प्रकारच्या चाचणीत इतर कंपन्यांची मॉडेल्सही याच मार्गाने गेली. प्रसंग मुद्दाम रचलेला होता, बाकीचे रस्ते जवळपास बंद केलेले होते, हे विसरता कामा नये. त्यावरून यंत्राला जगण्याची इच्छा झाली असे मी मानत नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर ते घडलेले आहे आणि त्या मजकुरात अशा धमक्या भरपूर आहेत. पण धमकीचे पत्र ज्याला मिळेल, त्याच्या दृष्टीने पाठवणाऱ्याच्या आत इच्छा होती की नव्हती या चर्चेला फारसा अर्थ उरत नाही.

आणि बंद करण्याची कळ हाताशी असली, तरी काय होते? 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने शेअर खरेदी-विक्रीचे नवे सॉफ्टवेअर सुरू केले; ते आपल्या आठ सर्व्हरवर बसवायचे होते, प्रत्यक्षात ते सातांवरच बसले होते. आठव्यावर पडून राहिलेला जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि बेसुमार सौदे करीत सुटला. माणसे समोर बसलेली होती, सगळे काही बंद करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे होता, पण नेमके काय बंद करायचे हे त्यांना उमगेना. दोष नव्या कोडमध्ये असावा अशा समजुतीने त्यांनी तो उरलेल्या सातांवरून काढून टाकला, तिथेही जुनाच कोड उरला, आणि बिघाड आठही सर्व्हरवर पसरला. सुमारे पाऊण तासात कंपनीचे 40 कोटी डॉलरहून अधिक बुडाले. यात बुद्धिमत्ता नावालाही नव्हती. होता तो फक्त माणसाच्या आकलनाला मागे टाकणारा वेग. म्हणून 'देखरेखीला माणूस आहे' या आश्वासनाने मला स्वस्थता वाटत नाही. त्या माणसाला विचार करायला पुरेसा वेळ आहे का, यंत्राच्या विरुद्ध निर्णय दिल्यास त्याची नोकरी शाबूत राहते का, आणि झालेले परत फिरवता येते का, हे मी विचारतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्यात जास्त जोखमीच्या प्रणालींसाठी थांबवण्याची सोय तर मागितली आहेच, शिवाय यंत्राच्या उत्तरावर आंधळेपणाने विसंबण्याच्या प्रवृत्तीची जाणीव देखरेख करणाऱ्याला असावी, असेही म्हटले आहे. ही दुसरी अट मला पहिलीपेक्षा शहाणपणाची वाटते.

जाणकारांत एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार 2018 साठी ज्या तिघांना विभागून मिळाला, त्यांपैकी जेफ्री हिंटन आणि योशुआ बेंजिओ यांनी मे 2023 मध्ये, या तंत्रज्ञानामुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका साथीचे रोग आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने गांभीर्याने घ्यावा, अशा निवेदनावर सही केली; तिसरे यान लेकून यांना ही भीती अवाजवी वाटते. (त्याच निवेदनावर हे तंत्रज्ञान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांच्याही सह्या आहेत आणि त्यांची शर्यत नंतरही मंदावलेली नाही, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.) धोका इतके टक्के, इतक्या वर्षांत, असे आकडे कोणी सांगू लागले की मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

माझे लक्ष असते ते वेगळ्याच ठिकाणी. आय. जे. गुड या गणितज्ञाने 1965 मध्ये लिहिले, की माणसाहून बुद्धिमान यंत्र स्वतःपेक्षा अधिक चांगली यंत्रे घडवू शकेल, म्हणून असे पहिले यंत्र हा माणसाला लावावा लागणारा शेवटचा शोध ठरेल. मात्र स्वतःला ताब्यात कसे ठेवावे हे माणसाला सांगण्याइतके ते यंत्र आज्ञाधारक असले पाहिजे. आज कंपन्यांमध्ये पुढच्या मॉडेलसाठी लागणारा बराच कोड आधीचे मॉडेल लिहू लागले आहे, आणि गुड यांची अट पाळली जाते आहे की नाही हे आतून तपासण्याची साधने मात्र अजून प्राथमिक अवस्थेतच आहेत. हे काम वाढत जाईल तसतसा तो कोड ओळीगणिक वाचणारा कोणी राहतो का, यावर माझे उत्तर बदलेल.