आमची वाटचाल : मेगर आणि एक स्टिकर

आमचं काम जुन्या घरांच्या रिवायरिंगचं. नव्या बांधकामाची कामं आम्ही पहिल्यापासून घेतली नाहीत. मी आणि माझा भागीदार दोघेही वायरमन. परवाने हातात आले त्या महिन्यात आम्ही पहिली खरेदी केली ती मेगरची, म्हणजे वायरीवरचं आवरण (इन्शुलेशन) किती शाबूत आहे ते तपासणाऱ्या यंत्राची. हाताने फिरवायचा, जड, चामडी पट्ट्याचा. हँडल फिरवत राहायचं, वेग बसला की आतला क्लच घसरतो आणि ते हाताला कळतं. मग काट्याकडे बघायचं. ५०० व्होल्टवर १ मेगओहमच्या खाली काटा थांबला की त्या सर्किटच्या इन्शुलेशनवर विसंबायचं नाही. आता डिजिटल मेगर आहे, पण पेच पडला की मी अजून तोच पेटीतून काढतो.

त्या काळी लाकडी पट्टीवरच्या वायरिंगची घरं पुष्कळ होती. एका घरात स्विच उघडून वायर जरा वाकवली, तर रबराचा तुकडा पडला आणि तांबं उघडं झालं. भिंतीवर मात्र तीच वायर ठणठणीत दिसत होती. वायर वाकवल्याशिवाय तिचं वय कळत नाही. दिव्याच्या होल्डरशी आधी बघावं, वर्षानुवर्षं तिथेच उष्णता लागलेली असते. आणखी एक, त्या रबरी वायरीतलं तांबं चंदेरी दिसतं. रबरातलं गंधक तांब्याला खातं म्हणून त्यावर कथिलाचा मुलामा असतो. ते बघून ‘ॲल्युमिनियम आहे’ म्हणून ठोकून देणारे महाभाग मी पाहिलेत. खऱ्या ॲल्युमिनियमचा त्रास वेगळा. स्क्रूखाली ते दबत जातं, ढिलं पडतं, वर ऑक्साइड धरतं आणि जोड तापतो.

आता त्या प्रकरणाकडे येतो, कारण आमची फर्म त्यात जवळजवळ बुडाली होती.

एका जुन्या घरात आम्ही नवा बोर्ड बसवला, त्यात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच. तो चालू केला की पडायचा. मेगर लावला तर मागच्या खोलीच्या सर्किटवर काटा शून्याला टेकलेला. भिंतीला ओल होती. आम्ही लेखी दिलं : वायर बदला, तोवर हे सर्किट बंद ठेवा. घरच्यांना खर्च जड वाटला. मग दुसरा कंत्राटदार आला. त्याने आरसीसीबी काढून टाकला, एमसीबी (वायरीतून जास्त करंट गेला की पडणारा स्विच) मोठ्या क्षमतेचा केला आणि ‘बघा, आता पडतो का’ म्हणून पैसे घेऊन गेला.

सहा महिन्यांनी त्याच खोलीत माळ्यावर आग लागली. माणसं वाचली. पण बोर्डाच्या दारावर स्टिकर आमचा होता. तो कंत्राटदार सगळीकडे सांगत सुटला की बोर्ड यांनीच बसवला. आमचा कागद त्या घरात कुणाला ‘सापडेना’. पुढचे नऊ महिने फोन वाजला नाही. कामावरची दोन पोरं सोडून गेली, ड्रिल मशीन विकलं, भागीदाराने दुसरीकडे नोकरी धरली. मेगर मात्र विकू दिला नाही मी.

त्या घराच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांचं घर आम्हीच पूर्ण रिवायर केलं होतं. जुन्या वायरीचा एक तुकडा त्यांनी काचेच्या बाटलीत जपून ठेवला होता. एक दिवस त्यांचा निरोप आला, ‘मशीन घेऊन या, चार लोकांसमोर लावा.’ गेलो. मेन बंद केला, आरसीसीबी आणि उपकरणं सोडवली, हँडल फिरवलं. काटा थेट अनंतावर. बाईंनी बाटलीतला तुकडा बाहेर काढून वाकवला, रबर टेबलावर भुगा होऊन पडलं. ‘शेजारी भिंतीत हेच होतं,’ एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात तीन घरांनी बोलावलं. महिनाभरात भागीदारही परत आला.

तेव्हापासून काम अखंड चालू आहे.

नव्या पोरांना मी सांगतो, लिहून दिलेल्या कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, सही घेऊन. एमसीबी वायरला जपतो, माणसाला जपतो तो आरसीसीबी. तो पडत असेल तर त्याला शिव्या देऊ नका, गळती शोधा. एमसीबी मोठा करणं म्हणजे भिंतीतल्या वायरीला फ्यूज करणं. आणि घरमालकांनो, स्विचची पाटी हाताला कोमट लागते, दिवा मिणमिणतो, बोर्डाजवळ मासळीसारखा वास येतो, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, यातलं एक जरी असेल तरी रंगकाम काढण्याआधी वायरिंग तपासून घ्या. भिंती फोडायच्याच असतील तर आधी फोडा.

आग लागलेल्या त्या घराचं रिवायरिंग शेवटी आम्हीच केलं. झाल्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, मीही विचारलं नाही. काम करताना कोनाड्यात एका पिशवीत आमचाच तो आरसीसीबी मिळाला, काढून टाकलेला. दुसऱ्या बोर्डावर लावून तपासला, ठराविक गळतीला बरोबर पडला. तोच पुन्हा त्यांच्या बोर्डात बसवला. मेन चालू केला आणि टेस्टचं बटण दाबलं. खटकन पडला.