पाणी प्यायलात का?

बुधवार, रात्र

राग आहे की रुसवा, तेच कळेना, म्हणून वही काढली. लेक झोपलीय. साडेअकरा वाजून गेले तरी भिंतीला हात लावला की ऊब लागते. दिवसभर तापलेला दगड आता रात्रभर उष्णता सोडत बसणार.

निघताना सगळे म्हणाले, नागपूरच्या बाईला ३६ डिग्रीचं काय कौतुक! पण आपल्याकडे पारा ४५ वर गेला तरी वाळ्याचा कूलर असतो, माठ असतो. इथे फ्रान्सात, मार्सेलिसच्या या जुन्या वस्तीत, ल पानिएमध्ये, गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या खिडकीतलं बोलणं घरात ऐकू येतं, आणि कूलर हा प्रकार कोणाला ठाऊक नाही. आहे ती फक्त खिडकीबाहेरची लाकडी झडप, आडव्या पट्ट्यांची. सकाळी आठला ती ओढून घ्यायची, ऊन भिंतीवरून उतरलं की उघडायची. मधला सगळा वेळ अंधार. पट्ट्यांतून फरशीवर उजेडाच्या रेघा पडतात आणि सरकत सरकत संध्याकाळपर्यंत पलंगाच्या पायाशी येतात. लेक ऑफिसात. मी त्या रेघांकडे बघत असते.

म्हणूनच ती म्हणाली, दुपारी समोर जाऊन बसत जा, त्यांनाही बरं आणि तुलाही. समोरच्या बाई ८० च्या पुढच्या. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं त्यांनी जवळपास सोडलंय. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. त्या बर्फ घातलेलं पाणी देतात, आम्ही टेबलफॅनसमोर फरसबी मोडत बसतो. त्यांची बोटं थरथरतात, पण शिरा कशा झरझर निघतात.

आज त्यांचा फोन वाजला. तारेचा, टेबलावर क्रोशाच्या रुमालावर ठेवलेला. त्या "वी, वी", म्हणजे हो, हो, म्हणत राहिल्या. मग समोरचा पेला उचलून त्यांनी रिसीव्हरसमोर धरला, पलीकडच्याला दिसावा असा. दोन घोट घेतले. झडपेकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. फोन ठेवला आणि केसांवरून हात फिरवला.

संध्याकाळी लेकीने उलगडून सांगितलं. महापालिकेतून होता. उष्णतेचा इशारा लागला की तिथली माणसं यादीतल्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारतात, पाणी प्यायलात का, खिडक्या लावल्यात का, झोप लागली का. बाईंचं नाव त्यांच्या मुलाने घातलंय. तो दुसऱ्या शहरात, तुलूझला असतो. इशारा देताना रात्रीचा पाराही धरतात म्हणे. रात्रीसुद्धा गारवा मिळाला नाही की म्हातारं शरीर हार मानतं.

हे सगळं २००३ नंतरचं. त्या ऑगस्टमध्ये फ्रान्सभर जवळजवळ १५,००० माणसं उन्हाने गेली. बहुतेक म्हातारी, कितीतरी जण घरात एकेकटी. पॅरिसमधल्या ५७ जणांना न्यायला कोणीच आलं नाही. शहराबाहेरच्या दफनभूमीत त्यांना पुरलं तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष शिराक तिथे उभे होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला, प्रत्येक गावाने अशी यादी ठेवायची. मार्सेलिसला हे आधीच कळलं होतं. १९८३ च्या जुलैत इथे उन्हाने माणसं गेली, तेव्हापासून या शहराने काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि २००३ मध्ये पॅरिसच्या मानाने इथे बरीच माणसं वाचली.

ऐकताना मान डोलावली. चांगलंच आहे की. पण घास गिळवेना. मला त्या बाईंचा हेवा वाटला. साफ हेवा.

यंदा मे महिन्यात भरदुपारी लाइट गेली होती. कूलरमधलं पाणी संपलेलं. बादली उचलायला उठले तर डोळ्यांपुढे काळं आलं, तशीच फरशीवर टेकले. किती वेळ कोण जाणे. मग उठले, पन्हं केलं, प्यायले. कोणाला सांगितलं नाही. रविवारी लेकीचा फोन आला. "जेवलीस का?" "हो." धाकट्याचा आलाच नाही, त्याच्याबद्दल आत्ता नको. हे असते तर… जाऊ दे.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. नागपूर महापालिकेने २०१६ पासून उष्णतेचा आराखडा केलाय, बागा दुपारी उघड्या ठेवतात, पाणपोया लागतात. पण पाणपोईपर्यंत चालत जावं लागतं. नाव घेऊन, तुम्ही प्यायलात का, असं कोण विचारतं? कोणा अनोळखी कारकुनाने विचारलं तरी चाललं असतं मला. इतकं साधं आहे ते. आणि तेवढ्यावरून रडू यावं!

जेवताना बोलून गेले, "इथे म्हाताऱ्यांना सरकार तरी विचारतं." लेक काही बोलली नाही. ताट उचललं, घासलं, पुसून ठेवलं. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण तिची पाठ बघवत नव्हती.

शनिवार

काल मिस्त्राल सुटला. उत्तरेकडून, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणारा कोरडा वारा. रात्रभर गल्लीतल्या झडपा आपटत होत्या, आणि सकाळी समुद्र असा निळा की डोळे दिपावेत. उष्णतेचा इशारा उठला. लेकीला सुट्टी, म्हणून सकाळीच जुन्या बंदरावर गेलो. कोळणी अजून मासे विकत होत्या, तिथल्याच आरशासारख्या चकचकीत छताखाली लोक माना वर करून स्वतःला उलटं बघत उभे. दादाला सावरकरांच्या उडीची जागा हवीय, ८ जुलै १९१०, फोटो काढ म्हणून रोज निरोप. बंदराचे चार फोटो पाठवले. त्याचं समाधान झालेलं दिसत नाही.

दुपारी समोर गेले. बाईंनी आज लिपस्टिक लावली होती. फरसबी होतीच. परवाच्या वेळेला त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. मग सहज केल्यासारखं रिसीव्हर उचलून कानाला लावला, आत आवाज येतोय ना ते पाहिलं, आणि ठेवून दिला. रुमालाची घडी सारखी केली. मला म्हणाल्या काहीतरी, खिडकीकडे हात करून. वाऱ्याबद्दल असावं. मी मान हलवली. मी उठून त्यांचा पेला भरला, त्यांनी तो माझ्याकडे उंच करून दाखवला आणि प्यायला.

तिथे बसल्या बसल्या माझा हेवा कुठल्या कुठे गेला. तो फोन उन्हाचा होता. पारा उतरला की तोही थांबणार, आणि तसाच तो असायला हवा. माणसं मरू नयेत एवढं काम त्याच्याकडे आहे आणि ते तो करतो. त्या बाई ज्याची वाट बघत होत्या, ते महापालिका तरी कुठून देणार? तुलूझहून फोन येतो का ते मला विचारता येत नाही. लेकीलाही माहीत नाही.

आणि आमचा रविवारचा फोन? थंडी असो, पाऊस असो, ती विचारते जेवलीस का. मी "हो" म्हणते आणि तिकडची हवा विचारते. लाइट गेली होती, मी खाली बसले होते, हे तिला कुठून कळणार होतं?

संध्याकाळी इथल्याच कातालान नावाच्या किनाऱ्यावर गेलो. नऊ वाजले तरी लख्ख उजेड. माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या बायका गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून निवांत गप्पा मारत होत्या, डोक्यावर टोप्या तशाच. मी घोट्यापर्यंत गेले, मग गुडघ्यापर्यंत. लेकीने हात धरला होता. तिथेच तिला मे महिन्यातलं सगळं सांगितलं, बादलीपासून पन्ह्यापर्यंत. ती चिडली. खूप चिडली. "मला तेव्हा का नाही सांगितलंस?" आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मला फार बरं वाटलं.

घरी येताना ठरवलं. एप्रिल लागला की फोन रोज, रविवारवर भागणार नाही. आपल्याकडे दुपारचे दोन म्हणजे इथे सकाळचे साडेदहा, तेव्हा तिची मीटिंग असते. म्हणून एक वाजता. तिने विचारायचं आणि मी नुसतं "हो" म्हणायचं नाही.