गेटवेच्या आधी त्याचा मॅक ॲड्रेस हलवावा

कॅम्पसमधले सगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले आभासी भाग) एकाच जुन्या राउटरवर येऊन टेकत असतील, तर त्याच्या जागी दोन कोअर स्विचची जोडी बसवावी यावर कोणाचे दुमत होत नाही. अडचण असते ती चालू वापराला धक्का न लावता हे करण्याची. अशा बदलाच्या आराखड्यांत सहसा आयपी ॲड्रेसचा विचार नीट केलेला असतो : जुन्या गेटवेचा, म्हणजे व्हीलॅनमधून बाहेर जाण्याचे दार असलेल्या त्या राउटरचा, ॲड्रेसच नव्या जोडीचा सामायिक, आभासी ॲड्रेस म्हणून ठेवला की एकाही यंत्राची सेटिंग बदलावी लागत नाही. हे योग्यच आहे, पण पुरेसे नाही. कारण यंत्रे आपल्या फ्रेम (माहितीचे तुकडे) पाठवतात त्या गेटवेच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे हार्डवेअरच्या ॲड्रेसवर, आणि तो मात्र या बदलात बदलतो.

नवा स्विच ग्रॅच्युइटस एआरपी (कोणी न विचारता केलेली ‘या आयपीचा मॅक हा’ अशी घोषणा) पाठवून नवा मॅक ॲड्रेस सर्वांना कळवतो खरा. लॅपटॉप आणि फोन तो लगेच स्वीकारतात. पण प्रिंटर, दारांवरची कार्ड-यंत्रे, जुने कॅमेरे आणि असे काही हट्टी सभासद प्रत्येक नेटवर्कात असतात, जे ही सूचना कानाआड करतात आणि आपल्या एआरपी कॅशेतली (आयपी-मॅक जोड्यांच्या साठ्यातली) जुनी नोंद कालबाह्य होईपर्यंत बंद पडलेल्या ॲड्रेसवर फ्रेम धाडत राहतात. सिस्कोच्या अनेक राउटरांवर तर या नोंदीची मूळ मुदतच ४ तासांची असते.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे गेटवे हलवण्याच्या काही दिवस आधी जुन्या राउटरवरच व्हीआरआरपी सुरू करणे. या पद्धतीत एकाच आभासी ॲड्रेसमागे राउटरांचा एक ग्रुप असतो : सर्वांत जास्त प्रायॉरिटीचा मास्टर म्हणून काम करतो, बाकीचे बॅकअप राहतात. आभासी ॲड्रेस म्हणून त्याचा स्वतःचाच ॲड्रेस दिला, की तो त्या ॲड्रेसचा मालक ठरतो आणि त्याची प्रायॉरिटी आपोआप २५५ होते. त्या क्षणापासून तो एआरपीच्या उत्तरात ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणारा आभासी मॅक ॲड्रेस देऊ लागतो, ज्याचा शेवटचा भाग ग्रुपच्या क्रमांकावरून ठरतो. गंमत अशी, की मूळ मॅक ॲड्रेसवर येणाऱ्या फ्रेमही तो सामान्यतः स्वीकारतच राहतो. त्यामुळे ज्या यंत्राने सूचना ऐकली नाही त्याचेही काम अडत नाही, आणि एकेक कॅशे आपापल्या गतीने नव्या ॲड्रेसवर येते. एचएसआरपी या सिस्कोच्या तशाच पद्धतीत मात्र ही सोय नाही, कारण तिथे आभासी ॲड्रेस हा इंटरफेसचा खरा ॲड्रेस असू शकत नाही.

यानंतर नव्या स्विचना त्याच व्हीलॅनमध्ये स्वतंत्र ॲड्रेस देऊन, त्याच ग्रुप क्रमांकाने, बॅकअप म्हणून जोडावे. एकाला १२० आणि दुसऱ्याला १०० अशी प्रायॉरिटी पुरते. ते दोन ॲड्रेस कोणी वापरत नाही ना, हे फक्त पिंग करून ठरवू नये, कारण पिंगला उत्तर न देणारी यंत्रे असतात. राउटरचा एआरपी तक्ताही पाहावा. दोन्ही बाजूंना व्हीआरआरपीची आवृत्ती एकच हवी. जुन्या यंत्रांवर बहुधा दुसरी आवृत्ती असते आणि नव्यांवर तिसरी सुरू केलेली असू शकते. त्या एकमेकींचे ऐकत नसतील तर दोघेही स्वतःला मास्टर समजू लागतात.

प्रत्यक्ष बदल मग एका आज्ञेचा उरतो : जुन्या राउटरवर त्या व्हीलॅनचा इंटरफेस बंद करणे. जाताना मास्टर शून्य प्रायॉरिटीचा संदेश पाठवतो, आणि १२० चा बॅकअप सुमारे अर्ध्या सेकंदात ताबा घेतो. राउटर असा निरोप न घेता अचानक पडला असता, तर एका सेकंदाच्या मूळ अंतराने तीन संदेश चुकण्याची वाट पाहावी लागली असती, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या आसपास. मॅक ॲड्रेस तोच राहिल्याने यंत्रांना काही घडल्याचे कळतही नाही. मी एका वेळी एकच व्हीलॅन हलवण्याच्या बाजूचा आहे, आणि पहिला व्हीलॅन नेटवर्क विभागाचा स्वतःचा असावा.

खरे घोळ गेटवेच्या आसपास होतात. डीएचसीपी रिलेची (यंत्रांची ॲड्रेसची मागणी सर्व्हरकडे पोचवणाऱ्या सोयीची) विनंती आता नव्या ॲड्रेसवरून जाते, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त जुन्या राउटरला परवानगी असेल तर चालू यंत्रे सुरळीत राहून नव्याने जोडलेल्या यंत्रांनाच ॲड्रेस मिळत नाही. हा दोष सकाळी लोक आल्यावरच दिसतो. फायरवॉलवरचे स्टॅटिक रूट (हाताने घातलेले मार्ग) जुन्या राउटरकडेच बोट दाखवत असतील तर परतीची वाट तुटते. स्पॅनिंग ट्रीचा (स्विचमधल्या चक्राकार वाटा रोखणाऱ्या पद्धतीचा) रूट, म्हणजे मुख्य स्विच, मास्टर स्विचवरच आणावा, नाहीतर फ्रेम विनाकारण दोन्ही स्विचमधून वळसा घेतात. आयपीव्ही६ साठी वेगळा ग्रुप आणि राउटर ॲडव्हर्टाइझमेंटचा (राउटर यंत्रांना स्वतःची ओळख जाहीर करतो त्या संदेशाचा) वेगळा विचार लागतो. शिवाय ॲड्रेसचा मालक नसलेल्या मास्टरने आभासी ॲड्रेसवरच्या पिंगला उत्तर द्यायचे की नाही हे सेटिंगवर अवलंबून असते. ते बंद असेल तर सगळे व्यवस्थित चालू असताना देखरेखीची प्रणाली गेटवे पडल्याची बोंब ठोकते.

रीबूट झालेला स्विच रूटिंग तयार होण्याआधीच मास्टरपद परत घेऊन ट्रॅफिक अंधारात टाकू शकतो, म्हणून प्रीएम्प्टला (जास्त प्रायॉरिटीच्या जोरावर मास्टरपद परत घेण्याला) विलंब द्यावा. नंतर दोन्ही स्विच आळीपाळीने वीज काढून तपासावेत. दोघांची वीज एकाच पट्टीवरून येत असेल, तर ही जोडी कागदावरच आहे हे तेव्हा कळते.

जुना राउटर काही काळ जागेवर ठेवण्याचा मोठा फायदा असा, की इंटरफेस पुन्हा सुरू करताच २५५ च्या जोरावर तो ताबा परत घेतो आणि बदल मागे फिरतो. धोकाही नेमका तिथेच आहे. मालकाला प्रीएम्प्टची सेटिंग लागू होत नाही. त्यामुळे इंटरफेस बंद केल्याचे कॉन्फिगरेशन सेव्ह केलेले नसेल, तर वीज जाऊन आल्यावर तो राउटर सगळे व्हीलॅन निमूटपणे आपल्याकडे ओढून घेईल. म्हणून बदल पक्का झाल्यावर आधी त्याच्यावरचे व्हीआरआरपी ग्रुप आणि इंटरफेसचे ॲड्रेस काढून ते सेव्ह करावे, मग केबली काढाव्यात.