डेअरीचा फॉर्म, आठवडा पाचवा: लेबलं अखेर रांगेत

निपाणीजवळच्या आमच्या गावच्या दूध डेअरीसाठी लॅझरसमध्ये (संगणकाचे प्रोग्रॅम बनवायचं साधन) नोंदीचा फॉर्म करायलोय. सकाळी काट्याजवळ नोंदीला दोघं आलटून पालटून बसतात. एकाला मराठी सोयीचं, दुसऱ्याला कन्नड. म्हणून बटण दाबलं की सगळी लेबलं, म्हणजे लिहायच्या चौकटींशेजारची नावं, बदलतात.

मराठीत फॉर्म सुरेख बसला होता. आठ-आठ पिक्सेलवर असलेल्या ठिपक्यांवर चौकटी ठेवल्या, कंट्रोल धरून बाणाच्या कळीनं एकेक पिक्सेल सरकवल्या. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग कन्नड लावलं. ‘पत्ता’चं ‘विळास’ झालं, ते मावलं. पण ‘फोन’चं ‘दूरवाणी संख्ये’ झालं आणि थेट चौकटीखाली घुसलं. उंची मी बांधून ठेवली होती, त्यामुळं कन्नडमधली खाली लोंबणारी जोडाक्षरंही कापली गेली.

तेव्हा लेफ्ट-टॉपचे आकडे (डावीकडून आणि वरून किती अंतर) सोडूनच दिले. सगळं एका पॅनेलवर (लेबलं-चौकटी ठेवायचा पाट) घेतलं, पॅनेलच्या चाइल्डसायझिंगमध्ये, म्हणजे आतल्या गोष्टींच्या मांडणीत, लेआउट ‘डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली’ आणि कंट्रोल्सपरलाइन (एका रांगेत किती घरं) २ केलं. लेबलांचं ऑटोसाइझ (मजकुराएवढा आकार आपोआप घेणं) पुन्हा चालू. आता सगळ्यात लांब लेबल जेवढं, तेवढा डावा रकाना आपोआप रुंद होतो आणि चौकटी त्याच्यापुढं एका रेषेत उभ्या राहतात. भाषा बदलताना पूर्ण रकाना सरकताना बघून फार बरं वाटलं!

एक गोष्ट मात्र तासभर सापडेना. लेबल चौकटीच्या मध्यावर न येता वर चिकटून बसायचं. कारण असं की सेल, म्हणजे रांगेतलं एक घर, मुळात लेबलाला ताणून भरतो आणि मजकूर वरच राहतो. प्रत्येक लेबलाच्या बॉर्डरस्पेसिंगमध्ये सेलअलाइनव्हर्टिकल (घरात उभ्या दिशेनं कुठं बसायचं) ‘सेंटर’ केलं, सुटलं. हे आधी करा, मंडळी.

फॅटच्या चौकटीपुढं टक्क्याचं चिन्ह टाकलं तर खालच्या सगळ्या जोड्या विस्कटल्या, कारण रांगेत दोनच घरं. चौकट आणि चिन्ह मिळून एक छोटं पॅनेल केलं, म्हणजे ते एकच घर धरलं जातं. आकडे उजवीकडे टेकवले, ३.५ आणि १२.५ एकाखाली एक आले की चूक लगेच नजरेत भरते.

आता टॅबचा क्रम (टॅबची कळ दाबली की कुठल्या चौकटीनंतर कुठली) राहिलाय: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक). काट्यावरचा माणूस याच क्रमानं आकडे ओरडून सांगतो.