तुम्ही विचारलंत म्हणून: शेतातल्या पाखरांच्या अंगात पारा येतो कुठून?

"पारा तर माशांमधे असतो ना, मग दाणे आणि किडे खाणाऱ्या पाखरांत कसा?" हे मला सारखं विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

एक रस्ता अगदी सरळ होता, तो म्हणजे बियाणं. पूर्वी बुरशी लागू नये म्हणून पेरणीच्या बियांना पाऱ्याचं औषध चोळायचे. स्वीडनमधे १९५० नंतर असे दाणे टिपून पाखरं मरायला लागली आणि ती पाखरं खाणारे शिकारी पक्षीपण. तिथल्या संशोधकांनी म्युझियममधे ठेवलेल्या गॉसहॉकची (हा पाखरं मारून खाणारा शिकारी पक्षी) जुनी पिसं तपासली तर साधारण १९४० पर्यंत पारा कमी आणि स्थिर, आणि त्यानंतर एकदम चढलेला. १९६६ मधे तिथे मिथाइल मर्क्युरीवालं (हे पाऱ्याचं जास्त विषारी रूप) बियाण्याचं औषध बंद झालं. (इराकमधे १९७१-७२ ला असंच बियाणं लोकांनी दळून भाकऱ्या केल्या, शेकडो माणसं गेली, ते वेगळंच प्रकरण.)

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, दुसऱ्या रस्त्यात आहे. कोळसा जाळला, सोन्याच्या छोट्या खाणींत पारा वापरला की तो हवेत जातो, महिनोन्महिने फिरतो आणि कुठेतरी जमिनीवर उतरतो. हा नुसता पारा पोटात गेला तरी बराचसा बाहेर पडतो. घोळ होतो तो पाणी साचलेल्या चिखलात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथले काही बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, आणि ते प्रोटीनला असं चिकटतं की लवकर सुटत नाही. आता असा चिखल शेतात कुठे असतो? भातखाचरात! त्यात कापणीनंतरचा पेंढा तसाच गाडला तर बॅक्टेरियांना खायला मिळतं आणि मिथाइल मर्क्युरी आणखी वाढतं, उलट मधेच खाचर सुकवलं तर कमी होतं. चीनच्या ग्वेइचौ प्रांतात जुन्या पाऱ्याच्या खाणींजवळ तर ते थेट तांदळाच्या दाण्यात सापडलंय, म्हणजे माशाची गरजच उरली नाही.

आणि मग येतो कोळी. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात दुर्लक्षित प्राणी हाच. चिखलातली अळी थोडं घेते, अळीचा किडा होऊन उडतो, तो कोळ्याच्या जाळ्यात अडकतो, असे कित्येक किडे खाऊन कोळ्यात सगळ्यांचं मिळून साठतं, कारण कोण कोणाला खातं त्या साखळीत एक पायरी चढली की प्रमाण वाढतं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या साउथ रिव्हरमधे एका कारखान्याचा पारा गेला होता, १९२९ ते १९५० या काळात. अर्ध्या शतकानंतर बघितलं तर काठावरच्या, मासा कधी तोंडातही न घेणाऱ्या छोट्या पाखरांत मासे खाणाऱ्यांइतका पारा, काहींत तर जास्तच! पिल्लांना भरवायला आईबाप जे आणत होते त्यात पाऱ्याचा मोठा वाटा कोळ्यांकडून येत होता. २००८ मधे हे छापून आलं, तोपर्यंत बहुतेकांचं लक्ष माशांवरच होतं आणि अजूनही आहे असं मला वाटतं.

पाखरू यातला बराच पारा पिसात टाकून मोकळं होतं (म्हणून तर जुनी पिसं कामाची), मादी अंड्यातून थोडा बाहेर टाकते, म्हणजे पिल्लाच्या माथी. पिल्लाची पिसं वाढत असतात तोवर पारा तिकडे जातो, पिसं पुरी झाली की रक्तात वाढायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच त्याला घरट्यातून उडायचं असतं.

"मग मेलेली पाखरं का दिसत नाहीत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. अहो, बियाण्याचा काळ गेला, आता इतका पारा एकदम पोटात जात नाही. झेब्रा फिंच नावाच्या छोट्या पाखरांना प्रयोगशाळेत खाण्यातून थोडं थोडं मिथाइल मर्क्युरी दिलं तर ती धडधाकट दिसत होती, फक्त पिल्लं कमी झाली. साउथ रिव्हरच्या काठावरपण कॅरोलिना रेन या किडे-कोळी खाणाऱ्या छोट्या पाखराची घरटी जास्त फसत होती. त्यामुळे मेलेली पाखरं मोजून काही कळायचं नाही, घरटी मोजावी लागतात, आणि ते काम किचकट असल्यानं फार थोडे लोक करतात.